13 टक्के वाढले, पण छेद कोणी पाहिला?

‘घरून काम’, ‘रिमोट टीम’, ‘लवचिक वेळ’ यांपैकी कुठल्याही विषयावर सिनॉप्सिस लिहायला घ्या, पूर्वसाहित्याच्या आढाव्यात एक आकडा हमखास येऊन बसतो: 13 टक्के. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखवून दिलं की घरून काम केल्याने कामगिरी 13 टक्क्यांनी वाढते, असं ते वाक्य. त्याच्या पुढचं वाक्यही ठरलेलं: म्हणून लवचिक वेळेचा उत्पादकतेवर चांगला परिणाम होतो, हे आमचं गृहीतक.

या दोन वाक्यांच्या मधे एक खड्डा आहे, आणि तो दाखवण्यासाठी हा लेख. पेपर वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. या क्षेत्रात इतका नीट केलेला प्रयोग क्वचितच सापडतो. अडचण अशी आहे की त्या प्रयोगात कोणाचीही वेळ लवचिक नव्हती.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. 2020 पासून अमरावती-अकोल्यातली बरीच मुलंमुली पुण्याच्या, बंगळुरूच्या, हैदराबादच्या कंपन्यांचं काम आपल्या घरून करू लागली. काही परत गेली, काही इथेच राहिली, काही महिन्यातले दहा दिवस तिकडे नि वीस दिवस इकडे करतात. त्यांना परत बोलवायचं की नाही, घरच्यांनी त्या नोकरीला ‘खरी नोकरी’ मानायचं की नाही, बाळंतपणानंतर मुलीने काम सुरू ठेवायचं की नाही, या प्रश्नांवर बोलताना लोक असेच आकडे पुढे करतात. संशोधक म्हणून आपलं पहिलं काम म्हणजे आकडा नेमक्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे ते पाहणं.

मूळ प्रयोगात काय केलं होतं?

सी-ट्रिप ही चीनमधली मोठी प्रवास कंपनी. तिच्या शांघायच्या कॉल सेंटरमध्ये विमान आणि हॉटेल बुकिंगचं काम करणाऱ्या 996 जणांना विचारलं गेलं की आठवड्यातले चार दिवस घरून काम करायला आवडेल का. साधारण निम्म्यांनी हो म्हटलं. त्यातून कंपनीत किमान सहा महिने झालेले, घरी ब्रॉडबँड असलेले आणि कामासाठी वेगळी खोली असलेले असे 249 जण उरले. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड झाली: ज्यांची जन्मतारीख सम ते घरी, विषम ते ऑफिसात. हे डिसेंबर 2010 ते ऑगस्ट 2011 असं नऊ महिने चाललं.

विज्ञान शाखेतून आलेल्या माझ्यासारखीला हे वाचून बरं वाटतं. कंट्रोल ग्रुप आहे, वाटणी रँडम आहे, मोजमाप लोकांच्या मतावर नाही तर फोन कॉलच्या नोंदींवर आहे. पण आता तोच पेपर ‘वेळ’ हा शब्द डोक्यात ठेवून पुन्हा वाचा. घरी बसणाऱ्याची शिफ्ट तीच, जी ऑफिसातल्या त्याच्या टीमची. काम वाटणारा सर्व्हर तोच, टीमप्रमुख तोच, पगाराची पद्धत तीच. म्हणजे बदललेली गोष्ट एकच: जागा. शिफ्ट नऊला सुरू होत असेल तर घरीही नऊलाच. दुपारी मुलाला शाळेतून आणायला एक तास उठलो आणि तो तास रात्री भरून काढला, अशी सोय त्यात नव्हती.

प्रयोगात जे बदललंच नाही त्याचा परिणाम प्रयोग सांगू शकत नाही. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात प्रॅक्टिकलच्या वहीत आपण हे लिहिलेलं असतं. तापमान स्थिर ठेवून दाब बदलला, तर निष्कर्ष दाबाबद्दल निघतो. सिनॉप्सिस लिहिताना मात्र ‘फ्लेक्सिबल वर्क’ नावाची एकच मोठी पिशवी येते आणि जागा, वेळ, कंत्राट, अर्धवेळ असं सगळं तिच्यात जातं.

हा गोंधळ फक्त विद्यार्थी करतात असंही नाही. आपल्याकडे दूरसंचार विभागाने 5 नोव्हेंबर 2020 ला कॉल सेंटर आणि आयटी सेवांसाठीचे नियम सैल केले आणि देशात कुठूनही काम करायला मोकळीक दिली. मोकळीक होती ती जागेची. बातम्यांत, भाषणांत तिचं नाव झालं ‘लवचिकता’.

अंश सगळे पाहतात

आता 13 टक्क्यांच्या आत जाऊ. लेखकांनीच त्याची फोड करून दिली आहे. त्यातले सुमारे 9 टक्के आले ते शिफ्टमध्ये जास्त मिनिटं काम झाल्यामुळे: सुट्ट्या कमी, चहा-जेवणाची उठबस कमी, आजारपणाच्या रजा कमी. उरलेले सुमारे 4 टक्के आले दर मिनिटाला जास्त कॉल हाताळल्यामुळे, कारण घरी शांतता जास्त.

उत्पादकता हा अपूर्णांक आहे. वर अंश म्हणजे झालेलं काम, खाली छेद म्हणजे लागलेला वेळ. दर मिनिटाच्या हिशोबाने पाहिलं तर सी-ट्रिपची वाढ 13 नाही, 4 टक्क्यांच्या आसपास येते. बाकीची वाढ जास्त मिनिटं भरल्याची. कंपनीच्या दृष्टीने ती वाढ खरीच आहे, कारण शिफ्टमध्ये आता जास्त काम होतं. पण कामगाराच्या बाजूने पाहिलं तर यातला एक भाग असा आहे की अंगात कणकण असताना जो माणूस ऑफिसला गेला नसता, तो आता गोळी घेऊन हेडफोन लावून बसला. ‘रजा कमी झाल्या’ या एका ओळीत तब्येत सुधारली की आजारपणातही काम झालं, हे कळत नाही. दोन्हींचा आकडा सारखाच दिसतो.

दुसरा पेपर घेऊ, म्हणजे छेदाचं महत्त्व नीट लक्षात येईल. मायकल गिब्स, फ्रीडेरिके मेंगेल आणि क्रिस्टोफ सीमरोथ यांनी आशियातल्या एका मोठ्या आयटी सेवा कंपनीतल्या 10,000 हून जास्त कुशल कर्मचाऱ्यांच्या नोंदी पाहिल्या, कोविडच्या आधीच्या आणि घरून काम सुरू झाल्यानंतरच्या. 2023 मध्ये छापलेला निष्कर्ष असा: कामाचे तास वाढले, काम किंचित कमी झालं, आणि उत्पादकता 8 ते 19 टक्क्यांनी घसरली. मीटिंग आणि समन्वयाचा वेळ वाढला. सलग, विनाव्यत्यय काम करायला मिळणारे तास बरेच आक्रसले.

हिशोब करून पाहा. आकडे माझे, फक्त समजण्यासाठी. समजा, आधी कोणी 8 तासांत 40 तिकिटं निकालात काढायचा, म्हणजे तासाला 5. आता तो 9.5 तासांत 39 काढतो, म्हणजे तासाला साधारण 4.1. एकूण कामात घट अवघी अडीच टक्के, तासाच्या हिशोबात घट सुमारे 18 टक्के. पुण्यातल्या मॅनेजरच्या डॅशबोर्डवर 39 दिसतं, म्हणजे सगळं जवळपास पहिल्यासारखं. वाढलेला दीड तास मात्र त्या डॅशबोर्डवर नाही. तो अमरावतीतल्या घरात खर्च झाला: जेवणाचं ताट झाकून ठेवून, पोराचा अभ्यास उद्यावर ढकलून.

विखुरलेल्या टीमची मुख्य गोष्ट माझ्या मते हीच आहे. अंश मोजला जातो एका गावात, छेद खर्च होतो दुसऱ्या गावात. ऑफिसात दोन्ही एकाच छताखाली असतात, रात्री आठला दिवे चालू दिसले की कोणीतरी विचारतं, “अजून आहेस?” परतवाड्याच्या घरात रात्री आठला दिवा चालूच असतो, त्यावरून काहीच कळत नाही.

गिब्स यांच्या पेपरलाही मर्यादा आहे, ती लिहायला विसरू नका. तिथे रँडम वाटणी नाही. आधी आणि नंतर यांच्या मधे फक्त ‘घरून काम’ आलं नाही, महामारी आली. शाळा बंद झाल्या, कामवाल्या मावशी येईनाशा झाल्या, घरात आजारपण आलं. म्हणजे सी-ट्रिपमध्ये प्रयोग चोख पण वेळ बदललेली नाही, आणि इथे वेळ बदललेली पण प्रयोग नाही. दोन्ही पेपर एकाच परिच्छेदात ‘संमिश्र निष्कर्ष आढळतात’ म्हणून गुंडाळले, की हा सगळा फरक हरवतो. निष्कर्ष संमिश्र असल्याचं कारण बऱ्याचदा साधं असतं: प्रश्न वेगळे होते.

आणि हो, ब्लूम यांनीच पुढे त्याच कंपनीत 1,612 कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग केला, तो 2024 मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्यात आठवड्याचे दोन दिवस घरून काम होतं. नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं, कामगिरीत मात्र फरक दिसला नाही. लेखक स्वतः पुढे गेले, आपले सिनॉप्सिस अजून 13 वर थांबलेत.

ज्याने निवडलं, त्याने खरंच निवडलं का?

सी-ट्रिपचा प्रयोग संपल्यावर सगळ्यांना पुन्हा निवड करू दिली. निम्म्याहून जास्त लोकांनी आपली जागा बदलली. एकटेपणा ही घरी बसलेल्यांची मोठी तक्रार होती. ज्याला जे जमतं ते त्याने निवडल्यावर फायदा 13 वरून 22 टक्क्यांवर गेला. यातून निघणारा धडा सोपा वाटतो: लोकांना निवडू द्या, ते बरोबर निवडतात.

हाच धडा चेन्नईला नेला की अडखळतो. डेव्हिड ॲटकिन, अँटोनेट शोअर आणि सुमित शिंदे यांनी तिथे डेटा एंट्रीच्या कामावर प्रयोग केला. त्यांचा कार्यनिबंध 2023 चा. घरी पाठवलेल्यांची उत्पादकता ऑफिसात पाठवलेल्यांपेक्षा 18 टक्के कमी. त्यातला दोन तृतीयांश फरक पहिल्याच दिवशी दिसला. उरलेला हळूहळू वाढला, कारण ऑफिसातले लोक काम लवकर शिकले. इथपर्यंत ठीक. पण पुढचा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा आहे. ज्यांना घरून काम हवं होतं, त्यांचंच नुकसान घरी जास्त झालं: 27 टक्के. ज्यांना ऑफिस हवं होतं त्यांचं 13. आणि घर मागणारे लोक मुळात कच्चे नव्हते, सुरुवातीच्या चाचणीत तेच जास्त वेगवान आणि अचूक होते.

शांघायमध्ये निवड दिल्याने फायदा वाढला. चेन्नईत निवड करणाऱ्याचाच तोटा जास्त. असं कसं? लेखकांचं उत्तर अर्धवट का होईना, पटण्यासारखं आहे: ज्यांच्यावर मुलांची, घरातल्यांची जबाबदारी आहे किंवा घरची परिस्थिती बेताची आहे, अशा लोकांत हा उलटा परिणाम जास्त दिसला. त्यांनी घर मागितलं ते घरी काम चांगलं होतं म्हणून नव्हे, तर ऑफिसला जाणं शक्य नव्हतं म्हणून. सी-ट्रिपची पात्रता आठवा: वेगळी खोली असलेलेच आत आले होते. चाळणी आधीच लागली होती.

वऱ्हाडात प्रश्नावली वाटताना ‘तुम्ही घरून काम स्वेच्छेने निवडलं का?’ असा प्रश्न टाकला आणि ‘हो’वर खूण आली, तर त्या खुणेवर लगेच विश्वास ठेवू नका. सासू आजारी आहे, मूल दोन वर्षांचं आहे, नवऱ्याची नोकरी अकोल्याला आहे. अशा वेळी ‘हो’ म्हणजे मर्जी की नाइलाज? केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी 299 मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात असं आलं; घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटं. जवळपास पाच तास एकीकडे, दीड तासाच्या आसपास दुसरीकडे. ‘लवचिक वेळ’ दोघांनाही सारखीच दिली, तरी ती ज्या दिवसात बसवायची तो दिवस सारखा नाही.

लवचिक कोण, वेळ की माणूस?

आता त्या अभ्यासाकडे येऊ, जो या विषयात सगळ्यात आधी वाचायला हवा असं मला वाटतं. ॲलेक्झांडर मास आणि अमांडा पॅले यांनी 2017 मध्ये छापलेल्या पेपरसाठी अमेरिकेतल्या कॉल सेंटरच्या नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यांपुढे वेगवेगळे पर्याय ठेवले आणि पाहिलं की कोणत्या सोयीसाठी लोक किती पगार सोडायला तयार आहेत. घरून काम करण्याच्या सोयीसाठी सरासरी 8 टक्के. स्वतःचे तास स्वतः ठरवण्यासाठी बहुतेक लोक काहीच सोडायला तयार नव्हते. सोमवार ते शुक्रवार, नऊ ते पाच त्यांना चालत होतं. पण मालकाने ऐनवेळी तास ठरवायचे, ही कटकट टाळण्यासाठी सरासरी 20 टक्के.

हे आकडे एकाशेजारी एक ठेवले की दिसतं की ‘लवचिक वेळ’ या एका नावाखाली दोन उलट्या गोष्टी राहतात. एकीत तास मी हलवते. दुसरीत तास कोणीतरी हलवतं आणि मी हलते. पहिलीचं लोकांना फार कौतुक नाही, दुसरीची मात्र चांगलीच धास्ती आहे. आपल्या प्रश्नावलीत ‘तुमच्या कामाचे तास लवचिक आहेत का? पूर्णपणे सहमत ते पूर्णपणे असहमत’ असा प्रश्न असेल, तर या दोन्ही प्रकारची माणसं ‘सहमत’ म्हणतील. मग त्या रकान्यावर कितीही रिग्रेशन चालवा, सॉफ्टवेअर एक गुणांक काढून देईल. त्याला अर्थ नसेल.

ज्यात खरोखर वेळही लवचिक केली, असा नीट प्रयोग इटलीत झाला. मार्ता अँजेलिची आणि पाओला प्रोफेता यांनी एका मोठ्या कंपनीत नऊ महिने काही कर्मचाऱ्यांना आठवड्यातला एक दिवस जागा आणि वेळ दोन्ही स्वतः ठरवू दिली. उत्पादकता वाढली, रजा कमी झाल्या, समाधान वाढलं. मालकी कामगाराकडे असली की काय होतं, याचा हा पुरावा आहे. पण तो आठवड्यातल्या एका दिवसाचा, इटलीतल्या एका कंपनीचा आहे. पाचही दिवस, तीन देशांत पसरलेल्या टीमला तो जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण टीम पसरली की माझा मोकळा तास हा दुसऱ्याचा वाट पाहण्याचा तास होतो.

अमेरिकेचं घड्याळ, अकोल्याचं ऊन

विखुरलेल्या टीममध्ये वेळ कोण हलवतं, हे पाहायला नोव्हेंबरसारखा महिना नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिका घड्याळ एक तास मागे घेते. न्यूयॉर्क आणि भारतातलं अंतर साडेनऊ तासांवरून साडेदहा तासांवर जातं. तिकडची सकाळी नऊची मीटिंग आपल्याकडे आदल्या आठवड्यात संध्याकाळी साडेसहाला होती, ती आता साडेसातला. तिकडे कोणी काही ठरवलं नाही, नऊ ते नऊच. पण अकोल्यातलं रात्रीचं जेवण एक तास पुढे सरकलं, ते थेट मार्चपर्यंत.

जास्मिना शोव्हँ, पृथ्वीराज चौधरी आणि टॉमी पॅन फँग यांनी नेमका हाच घड्याळबदल प्रयोगासारखा वापरला. एका बहुराष्ट्रीय कंपनीतल्या संवादाच्या नोंदी पाहून त्यांना आढळलं की दोन ठिकाणांमधलं वेळेचं अंतर एक तासाने वाढलं की समोरासमोरचा, म्हणजे कॉलवरचा तात्काळ संवाद सुमारे 11 टक्क्यांनी घटतो. तो याहून जास्त घटत नाही, कारण लोक आपल्या कामाच्या वेळेबाहेर जाऊन तो भरून काढतात. आणि असं वेळेबाहेर जाणं स्त्रियांना कमी जमतं. रचना म्हणून हा पेपर जरूर वाचा. संशोधकाला काहीच बदलावं लागलं नाही, कॅलेंडरनेच बदललं. प्रयोग करायला पैसे नसलेल्या आपल्यासारख्यांसाठी हे शिकण्यासारखं आहे.

आपल्याकडे दुसरं घड्याळ उन्हाचं. मे 2024 च्या शेवटच्या आठवड्यात अकोल्यात पारा 45 च्या वर गेला आणि जिल्हा प्रशासनाने 31 मेपर्यंत कलम 144 लावलं. शिकवणी वर्ग सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर घ्या, कामगारांना पाणी-सावली द्या, असे आदेश निघाले. म्हणजे वेळ लवचिक करण्याची गरज सरकारलाही पटली, पण ती अंगमेहनतीच्या कामाला आणि शिकवण्यांना. घरात कूलरसमोर लॅपटॉप घेऊन बसलेला माणूस त्यात कुठे नव्हता. कूलर चालू ठेवला तर कॉलवर आवाज, बंद केला तर घाम. त्यात डीपी जळाली की दुपार गेलीच. वऱ्हाडातल्या माणसाला मे महिन्यात तास हलवायचे असतात ते पहाटेकडे. अमेरिकेच्या क्लायंटला ते हवे असतात रात्रीकडे. दोन्ही मान्य केलं तर दिवस दोन्ही टोकांनी ताणला जातो, आणि मधली दुपार नावालाच मोकळी राहते. नावालाच, कारण त्या दुपारी घरातून आवाज येतो, “घरीच त हायेस नं, मंग जरा बँकेत जाऊन ये!”

यातलं काहीही ‘मी समाधानी आहे: 1 ते 5’ या मोजपट्टीत मावत नाही.

मग अभ्यास करायचा कसा?

टीका करून थांबणं सोपं आहे, म्हणून ज्यांना या विषयावर अमरावती किंवा अकोल्यात काम करायचं आहे त्यांच्यासाठी माझा आराखडा. खर्च फार नाही, मेहनत आहे.

पहिलं, ‘लवचिकता’ एका प्रश्नात मोजू नका. सुरुवातीची वेळ कोण ठरवतं, संपण्याची कोण, मधली सुट्टी कोण, आणि बदल झाला तर तो किती आधी कळतो, असे चार वेगळे प्रश्न ठेवा. ‘गेल्या आठवड्यात असं किती वेळा झालं’ असं विचारा. ‘साधारणपणे’ विचारलं की लोक साधारण उत्तर देतात.

दुसरं, छेद स्वतः मोजा. राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाची पद्धत तयार आहे: पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने. सात दिवसांची अशी डायरी 60 जणांकडून नीट भरून घेतली, तर 600 जणांच्या गूगल फॉर्मपेक्षा जास्त कळेल. एका अर्ध्या तासात दोन कामं झाली तर दोन्ही लिहायला सांगा. मीटिंग म्यूटवर आणि कुकर गॅसवर, हीच तर खरी माहिती आहे.

तिसरं, नोंदी दोन ऋतूंत घ्या. मे आणि नोव्हेंबर. एकात ऊन, दुसऱ्यात घड्याळबदल. ऑक्टोबरच्या शेवटच्या आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातल्या डायऱ्यांची तुलना केली तर एका तासाचा धक्का कोणी सोसला ते दिसेल. दिवाळी मधे येते, ते वर्ष पाहून सांभाळा. तुलनेसाठी युरोपच्या आणि भारतातल्याच क्लायंटवर काम करणारे लोकही घ्या. युरोपचं घड्याळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातं, भारताचं कधीच नाही. कंट्रोल ग्रुप आयताच मिळाला.

चौथं, एकट्या माणसाला मोजून थांबू नका, जमेल तिथे टीम घ्या. एकाला सवलत मिळाली की दुसऱ्याचं काम अडतं किंवा वाढतं. आपण फक्त सवलत मिळालेल्याला विचारलं तर फायदाच दिसणार.

पाचवं, जुन्या माहितीवर काम करत असाल तर तारखा तपासा. अमरावतीत 22 फेब्रुवारी 2021 च्या संध्याकाळपासून पुन्हा टाळेबंदी लागली, राज्यातल्या बहुतेक भागाच्या बरीच आधी. मार्च 2021 मधल्या अमरावतीच्या आणि नागपूर-पुण्याच्या उत्तरांची तुलना करून ‘लहान शहरात घरून काम जमत नाही’ असा निष्कर्ष काढला, तर तो शहराबद्दल नसेल, लाटेबद्दल असेल.

या आराखड्याला मर्यादा आहेतच. 60 जणांच्या डायरीवरून अख्ख्या वऱ्हाडाबद्दल बोलता येणार नाही, आणि डायरी भरायला तयार होणारा माणूस मुळातच थोडा शिस्तीचा असतो. ते प्रबंधात स्पष्ट लिहा. व्हायव्हामध्ये त्यावर प्रश्न येईल, उत्तर तयार ठेवा.

13 टक्क्यांचा पेपर जरूर उद्धृत करा. फक्त त्याच्याबद्दल तीन गोष्टी सोबत लिहा: बदललं काय होतं, स्थिर काय ठेवलं होतं, आणि छेदात काय धरलं होतं. या तीन ओळी लिहिल्यावर ‘म्हणून लवचिक वेळेचा सकारात्मक परिणाम होतो’ हे वाक्य तुमच्या हातून आपोआप लिहिलं जाणार नाही. त्या जागी एक प्रश्न उरेल: कोणाच्या हातातली वेळ, आणि तिचा हिशोब कोणाच्या घरात? त्यावर काम करायला अमरावती-अकोल्याइतकी सोयीची जागा पुण्यात बसलेल्या संशोधकाकडे नाही, तुमच्याकडे आहे.